मी, आळेफाट्याचा व्हिलन

चार जुनी माणसं जमली की कुणीतरी विचारतंच, "बबनराव, एकूण पिक्चर किती केले वो?" मी अकरा सांगतो. त्यातले सात पूर्ण झाले, पाच लोकांनी पाहिले आणि मला स्वतःला शेवटपर्यंत बघवले ते दोनच! किश्श्यांचं मात्र तसं नाही. काम बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी ते वाढतच चाललेत. आता कसे वाढतात हे मला विचारू नका.

*

नव्वदच्या सुमाराला मुंबईचं एक युनिट घाटघरला शूटिंगला आलं. पिक्चर ऐतिहासिक. मावळे कमी पडले म्हणून आमच्या राजुरीतून जीप भरून माणसं नेली, त्यात मी घुसलो. नाणेघाटाचा वारा असा की माझी दाढी चिकटवली की उडायची, चिकटवली की उडायची. शेवटी दिग्दर्शक वैतागला. म्हणाला, "ह्याला पाठमोरा उभा करा रे!"

तो पिक्चर आळ्याच्या यात्रेत तंबूत लागला. मी सगळी भावकी घेऊन गेलो. "तो बघा मी!" म्हणून ओरडलो, तोवर सीन गेलासुद्धा. कुणाला काही दिसलं नाही. एकटी आई म्हणाली, "म्या वळखली पाठ. ल्हानपणी म्याच बडवलीया ती."

माझे वडील, तात्या, आलेच नव्हते. पिक्चर म्हणजे घर सोडून वाया जायचा रस्ता, असं त्यांचं ठाम मत. का आला नाहीत म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाठ बघाया तंबूत कशाला जाऊ? कामाला सांगितलं की रोज तुझी पाठच दिसती!"

*

पुढं व्हीसीडीचा जमाना आला आणि आळेफाट्याच्या शिवाभाऊनं मला व्हिलन केलं. शिवाभाऊचा मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा. तिथी नसेल त्या दिवशी तो त्याच कॅमेऱ्यावर पिक्चर काढायचा. तिथी निघाली की हिरॉईनला विहिरीच्या काठावर तसंच सोडून आम्ही सगळे लग्नाला! जेवणही तिथंच व्हायचं.

पहिल्याच पिक्चरमध्ये शेवटी माझा खून होतो. मी जीव तोडून मेलो. उसात तडफडलो, तोंडात माती गेली. व्हीसीडी बघतो तर काय, मी मरतोय आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत! मग बदामाचा आकार आला आणि त्यात माझं तोंड गोल फिरलं. शिवाभाऊला जाब विचारला, तर तो खजील होऊन म्हणाला, "हाताला सवय हाये राव. शेवट आला की पाकळ्या पडत्यातच."

*

एकदा बसमध्ये कंडक्टर सारखा माझ्याकडे बघत होता. मी लगेच केसावरून हात फिरवला. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "तुमी त्या पिच्चरमधले ना, बायकूला हिरीत ढकालता ते?"

"हो, तोच मी!"

"मंग उठा. मागं जाऊन बसा. हितं लेडीज सीट हायेत."

*

पुण्यात एकदा ऑडिशनला गेलो. त्यासाठी महिनाभर आरशासमोर शुद्ध बोलायचा सराव केला होता. आई विचारायची, "बरं न्हाई व्हय रं तुला?" ऑडिशनला माझं झाल्यावर साहेब म्हणाले, "छान. पण जरा गावरान करा ना." मग मी घरी बोलतो तसं बोललो. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "नाही हो. ओरिजिनल वाटत नाहीये!"

*

आता जरा वाईट किस्सा. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही आंबेगाव तालुक्यात गेलो. पोहे आले, मुलगी आली, तात्यांनी शेताची माहिती सांगितली. सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात मुलीची चुलती आतून आली, माझ्याकडे बघितलं आणि हातातला ट्रेच खाली ठेवला. "आगं बया! ह्यो तर बायकूला हिरीत ढकालनारा!"

तात्यांनी समजावलं, की पावणं, ते खोटं असतं. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "खोटंच आसंल वो. पर आमच्याबी दारात हीर हाये."

घरी आल्यावर तात्या एवढंच म्हणाले, "पिच्चर सुटत न्हाई तवर माझं-तुझं बोलनं बंद." आणि खरंच बंद केलं! काही सांगायचं असलं की बैलाला सांगायचे. "सर्जा, त्याला म्हनावं, पानी धराया जा." मीही बैलालाच उत्तर द्यायचो. दोन वर्षं सर्जा आमच्या मधे उभा होता. लोकांना सांगताना मी हे हसून सांगतो, पण तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. काम सोडावं असं शंभरदा मनात आलं. सुटलं मात्र नाही.

*

आणि मग तो दहावा.

त्या पिक्चरमध्ये मी पहिल्यांदाच चांगला माणूस होतो, संपत नावाचा. चांगला असल्यामुळे अर्थातच लवकर मरतो! शिवाभाऊनं कुकडीच्या काठी दहाव्याचा सीन लावला. माझ्या फोटोला हार घातला. राजुरीची शंभरेक माणसं टोप्या घालून बसली. मला पुढं काम नव्हतं, पण मेल्याचा सीन नुकताच झालेला, म्हणून नाकात कापूस तसाच घेऊन मी घाणेरीच्या झुडपामागं बसून बघत होतो.

एवढ्यात तात्या तरातरा चालत आले. "जित्या मानसाचा दहावा मांडलाय व्हय रं, शिवा?"

शिवाभाऊ घाबरला. "तात्या, बबन्याचा न्हाई वो! पिच्चरमदल्या संपतचा हाये."

तात्यांनी हाराकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. मग पिंडाकडं बघितलं आणि त्यांना राहवेना. "संपतचा आसला म्हनून काय झालं? पिंड असा ठेवत्यात व्हय?" पंचक्रोशीतला एक दहावा त्यांनी चुकवला नव्हता. बापाचं काम करणाऱ्या नटाला त्यांनी उठवलं, स्वतः बसले आणि सगळं रीतसर मांडलं. शिवाभाऊनं कॅमेरा चालूच ठेवला.

सगळे मागं सरले. समोरच्या बाभळीवर एक कावळा होता, पण तो काही खाली येईना. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. आमची राजुरीची माणसं हे शूटिंग आहे हे विसरूनच गेली! एक जण पुढं होऊन म्हणाला, "संपत, तुझ्या बायकूला आंतर देनार न्हाई." कावळा हलेना. दुसरा म्हणाला, "तुझ्या म्हशी सांभाळू." तिसऱ्यानं तर बोअर घ्यायचं कबूल केलं. कावळा तिथंच.

"कशात तरी जीव आडाकलाय पोराचा," मागून कुणीतरी म्हणालं.

तात्या उठले. धोतर झटकलं. टोपी काढून हातात घेतली. पिंडासमोर जाऊन उभे राहिले.

"बबन्या," ते म्हणाले, "कर बाबा पिच्चरमदी काम. म्या न्हाई आडवनार."

कावळा आला.

मला नाकातला कापूस काढायचं सुद्धा सुचलं नाही. पहिला भानावर आला शिवाभाऊ. "कट! तात्या, लई भारी! पर कावळा फ्रेमच्या भाईर ऱ्हायला वो. आजून एकदा घेऊ."

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"घे की. पर आता त्यो यायचा न्हाई. त्याचं काम झालं."