बाविसाव्या मजल्यावरचं गाठोडं

"शेगडी लिहा ना साहेब. सगळ्यांनाच सोपं पडेल," सोसायटीचे सेक्रेटरी तावडे म्हणाले आणि माझ्यापुढे चहा सरकवला.

मी पेन हातात धरून बसलो होतो. रिपोर्टमध्ये एकच रकाना रिकामा राहिला होता. आगीचं कारण.

लालबागच्या एका टॉवरमध्ये मी फायर ऑफिसर आहे. तीस वर्षं अग्निशमन दलात काढली. निवृत्तीनंतर वाटलं होतं, आता खुर्चीत बसून आराम. कसलं काय! इथलं काम म्हणजे पंप चालू आहेत का बघायचं, जिन्यात ठेवलेली चपलांची कपाटं हलवा म्हणून लोकांच्या मागे लागायचं आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या. गुडघे गेलेत, घसा गेलाय, कपाटं जिन्यातच आहेत.

आदल्या दिवशी दुपारी चार वाजता बाविसाव्या मजल्यावर सावंतांच्या बेडरूममध्ये आग लागली. सावंतकाकूंची मुलगी रुचा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ महिन्याचं. दोघं हॉलमध्ये झोपली होती. जळका, खवट वास आला म्हणून रुचा उठली. बेडरूमचं दार उघडलं तर आत धूर. शहाणी पोरगी. दार ओढून घेतलं, आईला हाक मारली, बाळाला उचललं आणि जिन्याने खाली आली. तेवढ्यात खोलीतला स्प्रिंकलर फुटला. स्प्रिंकलर म्हणजे छतातली पाण्याची तोटी, खोली तापली की ती आपोआप उघडते. आग तिथेच विझली. वेताची टोपली, पडदा आणि अर्धं कपाट गेलं. माणसाच्या केसालाही धक्का लागला नाही.

मग सगळ्यांनी मिळून गुन्हेगार शोधला. त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. शेवंता.

शेवंता ही अँटॉप हिलहून येणारी मालिशवाली बाई. आमच्या टॉवरमध्ये चार घरी तिचं काम. बाळ-बाळंतिणीला तिळाच्या तेलाने मालिश, अंघोळ, आणि मग मातीच्या शेगडीत निखारे ठेवून ओव्याची धुरी. सावंतांकडे ही धुरी त्याच बेडरूममध्ये व्हायची. "निखारा उडाला असणार मेलीचा," काकू म्हणाल्या. शेजारणीने मान डोलावली. दिवेलागणीच्या आत गेटवर शेवंताचा फोटो लागला, खाली 'प्रवेश बंद'. चारही घरांनी तिला फोन करून नको म्हणून सांगितलं.

सकाळी मी ड्युटीवर आलो तर ती गेटबाहेर उभी. हातात तेलाची बाटली तशीच.

"साहेब, मी निखाऱ्यांवर पाणी ओतते आणि शेगडी बाल्कनीत पालथी घालते. रोज. वर जाऊन बघा."

"बघतो."

"नुसतं बघतो नको. चार घरं एका दिवसात गेली. उद्या बाजूच्या बिल्डिंगीत पण हेच सांगतील, मग मी जाऊ कुठे? माझ्या हातान आजपर्यंत कोणाचा वायट झाला नाय."

शेवटचं वाक्य ती मालवणीत बोलली आणि तोंड फिरवलं. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून रिपोर्ट होत नाही. मी वर गेलो.

शेगडी बाल्कनीत पालथी होती. एवढ्याने काही सिद्ध होत नाही. निखारा सांदीत पडला तर तासन्तास धुमसू शकतो. म्हणून मी अर्ध्या जळलेल्या टोपलीकडे वळलो. टोपलीत कपड्यांचं एक गाठोडं होतं, जुन्या सुती लुगड्यात बांधलेलं. बाहेरून निखारा पडला असता तर लुगडं आधी जळालं असतं. इथे उलट होतं. लुगड्याला पडद्याच्या बाजूला एक भोक, तिथूनच ज्वाळा बाहेर पडून पडद्याला लागल्या होत्या; बाकी लुगडं नुसतं पिवळं पडलेलं. मी एकेक थर सोडवत गेलो. जसा आत जाईन तसा काळा रंग वाढत गेला. मधोमध बाळाची लंगोटं आणि दुपटी, त्यांचा नुसता कोळसा. आग गाठोड्याच्या पोटात लागली होती.

"काकू, हे कपडे कुठून आले इथे?"

"मशीनमधून. ड्रायर घेतलाय ना जावयाने."

"बाहेर नाही वाळवत?"

"कुठे वाळवू? खिडकीबाहेर काठी लावली की तुमची सोसायटी नोटीस देते, बिल्डिंगचं बाहेरून दिसणारं एलिव्हेशन बिघडतं म्हणे! चाळीत होतो ते बरं होतं, गॅलरीभर दोऱ्या होत्या. आणि तिन्हीसांजेला बाळाचे कपडे बाहेर राहिलेले चालत नाहीत. म्हणून दुपारीच मशीनमधून काढते."

"आता लावून दाखवा. काल केलंत तस्सं."

ड्रायर स्वयंपाकघरामागे होता, त्याला काही झालं नव्हतं. काकूंनी दोन-चार दुपटी घातली. मी स्टुलावर बसून राहिलो. पाऊण तासाने काकू उठल्या आणि त्यांनी मशीनचं दार उघडलं.

"अहो, अजून बारा मिनिटं दाखवतंय."

"ती उगाच गार हवा फिरवते. वाळलेत की कपडे! गरम असतानाच गाठोडं बांधायचं, म्हणजे ऊब राहते. संध्याकाळी बाळाला घातले की गाढ झोपतं."

मी कपाळाला हात लावला.

"आणि धुता कशात?"

"रिठ्यात. पावडरने पुरळ येतं त्याला."

इथेच सगळं होतं. रिठ्याने मालिशीचं तेल पुरतं निघत नाही, सुताच्या आत राहतं. असं तेलकट कापड तापलं की तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि आपणच आणखी तापत जातं. कापड पसरून ठेवलं तर उष्णता उडून जाते. गच्च बांधलं तर आत कोंडते, वाढत जाते आणि दोन-तीन तासांनी पेट घेते. काडी लागत नाही, निखारा लागत नाही. मशीन शेवटी गार हवा फिरवतं ते हे टाळायलाच.

"कपडे आपले आपण पेटतात? काहीतरीच!" काकू म्हणाल्या. "आणि तसं असलं तरी तेल तिचंच ना?"

मी स्टुलावरून उठलो आणि पुन्हा बेडरूममध्ये आलो.

पण खरी गोम पुढेच होती. बेडरूमच्या छताला स्मोक डिटेक्टर आहे, धूर आला की खाली माझ्या पॅनलवर बेल वाजवणारा. तो वाजलाच नव्हता. वर बघितलं तर त्याला प्लॅस्टिकची शॉवर कॅप, वितळून लोंबत असलेली.

ती कॅप मी लावायला सांगितली होती. होय, मीच. धुरी सुरू झाली त्या आठवड्यात तीन दिवस रोज अलार्म वाजला. अलार्म वाजला की सगळ्या लिफ्ट तळमजल्याला येऊन थांबतात. तीन दिवस मी बोलणी खाल्ली. चौथ्या दिवशी वैतागून काकूंना म्हटलं, "धुरीपुरतं झाकून ठेवा, मग काढा." त्यांनी काढली नाही. मी बघायलाही गेलो नाही. कंटाळा, दुसरं काय! डिटेक्टर उघडा असता तर स्प्रिंकलर फुटण्याच्या बऱ्याच आधी मी वर पोहोचलो असतो. रुचाला जागच आली नसती तर, हा विचार मी त्या दिवशी चार वेळा केला.

तर आता तावडे म्हणत होते, शेगडी लिहा.

"शेगडी लिहिलं की विषय संपला," ते म्हणाले. "कॅपसुद्धा तिनेच लावली असणार धुरीसाठी. तुम्ही कशाला मध्ये येताय?"

खोटं कशाला सांगू, माझा हात थांबला. या वयात नवी नोकरी कोण देणार? आणि शेवंता काय, तिला कुणी विचारणारही नव्हतं. मी चहा संपवला. मग लिहिलं: ड्रायरमधून गरम काढून बांधलेले तेलकट कपडे. खाली आणखी एक ओळ लिहिली: डिटेक्टर फायर ऑफिसरच्या सांगण्यावरून झाकलेला होता.

"अहो, ही दुसरी ओळ तरी काढा."

"ती काढली की पहिलीवर कोण विश्वास ठेवणार? आणि तो गेटवरचा फोटो आजच्या आज उतरवा."

फोटो उतरला. मला मेमो मिळाला, कडक शब्दांत. नोकरी राहिली, कारण दुसरा माणूस मिळेना.

चारपैकी दोन घरांनी शेवंताला परत बोलावलं. तिसऱ्यांनी कळवतो म्हणून सांगितलं, अजून कळवतायत. सावंतकाकूंनी इंटरकॉमवरून निरोप दिला, "पाठवा तिला वर." शेवंता गेटवरच थांबली.

"सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं त्यांनी. आता खाली येऊन बोलवू दे."

दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी लिफ्टमधून रुचा उतरली, बाळ खांद्यावर, किरकिरत होतं.

"मावशी, आई नाही येणार. तिला नाही जमत. मी आलेय. चुकलं आमचं."

शेवंताने बाळाचा पाय हातात घेतला, गुडघ्यात वाकवून बघितला. "पाय आखडलेत याचे," म्हणाली, आणि लिफ्टकडे चालू लागली.

धडा एवढाच. मालिशीचे कपडे गरम पाण्यात, साबणाने धुवा आणि घरातच का होईना, दोरीवर वाळवा. ड्रायरमध्ये घातलेच तर मशीन स्वतः थांबेपर्यंत दार उघडू नका. गरम कपड्यांचं गाठोडं तर मुळीच बांधू नका. डिटेक्टर झाकू नका, फायर ऑफिसरने सांगितलं तरी. हे सगळं मी लिहून नोटीस बोर्डावर लावायला दिलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर तावड्यांनी सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, स्वतःची एक ओळ घातली होती: 'मालिशवाल्या बायकांनी शेगडी पेटवू नये.'