जालिंदरनं पाटलांना सांगितलं होतं

राहू गावातल्या माझ्या गुऱ्हाळावर जालिंदरसारखा गुळव्या मी दुसरा पाहिला नाही. उकळत्या रसाची काहील कधी उतरवायची हे त्याला नुसत्या वासावरून कळतं. पण तरुणपणी शिक्रापूरला ट्रकमधलं डिझेल चोरणाऱ्यांच्या नादी लागला आणि दोनदा तुरुंगात गेला. शेवटच्या शिक्षेबरोबर कोर्टानं अट घातली, सुटल्यावर राहती जागा बदलली की पोलिसांना कळवायचं.

गेल्या हंगामात शिक्रापूरची खोली सोडून तो बायकोला, साळूबाईला, घेऊन राहूला आला. आला तसा आमच्या पोलीस पाटलांच्या, पोपटरावांच्या, दारात जाऊन त्यानं सांगितलं. आमच्याकडं शेळी हरवली तरी पाटलांनाच सांगतात, ठाण्याची पायरी कोण चढतो? पोपटराव "मी कळवतो" म्हणाले आणि विसरले. चौकशीला गेलेल्या पोलिसांना शिक्रापूरच्या खोलीत दुसराच भाडेकरू सापडला. अट मोडली म्हणून जालिंदरला सहा महिन्यांची शिक्षा लागली. आणि हा शहाणा कोर्टात पाटलांचं नावच काढेना. मी संतापलो तेव्हा म्हणाला, "आप्पांनी गावात उभं केलं मला. त्यांची पाटीलकी घालवू व्हय?"

मी थोडाच ऐकतोय. त्याला जामिनावर सोडवलं, अपील ठोकलं, वकिलांनी पाटलांची साक्ष घ्यायची परवानगी मिळवली. पोपटरावांना मी तोंडावर सुनावलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

तारखेला सेशन कोर्टाबाहेर माझा जीव टांगणीला लागला होता. साळूबाईनं तुरुंगात द्यायचे कपडे पिशवीत भरूनच आणलेले. पुकारा झाला तरी पोपटरावांचा पत्ता नाही. तेवढ्यात जिन्यावर पांढरा फेटा दिसला! मी वयाचा विचार न करता धावत सुटलो.

"जालिंदरनं मला सांगितलं व्हतं," पिंजऱ्यात उभे राहून पोपटराव म्हणाले. "पुढं कळवायचं माझ्याकडनं राहिलं."

"यानं तुमचं पद जाऊ शकतं," सरकारी वकील म्हणाले.

"व्हय. तरीबी त्यानं सांगितलं व्हतं."

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. लपण्याचा हेतू नव्हता, शिक्षा रद्द. मी भर कोर्टात रडलो, आणि लाजबीज काही वाटली नाही.

येताना जालिंदरनं ठाण्यासमोर गाडी थांबवायला लावली.

"आता कशाला? मी हाय की," पोपटराव म्हणाले.

"तुमालाबी सांगतो आप्पा, आन् हितंबी सांगतो."

तो आत गेला. त्याचा आवाज गाडीपर्यंत आला, "लिवा साहेब, मुक्काम राहू." साळूबाईनं मांडीवरची पिशवी तेव्हा कुठं खाली ठेवली.