उजवं कोपर

शाळेत मी हँडबॉलची गोलकीपर होते. एकदा अडवलेला बॉल रागानं भिरकावला, तो समोरच्या गोलावरनं, कुंपणावरनं थेट पलीकडच्या उसात गेला. आमच्या खेळाच्या मॅडम स्वतः तो शोधायला उसात शिरल्या. बाहेर आल्यावर हातावरची कुसळं झाडत म्हणाल्या, "उद्यापासनं सकाळी साडेपाचला ये. आता बॉल न्हाय, भाला टाकायचा."

आमच्या वारणानगरात कुस्ती सगळ्यांना कळायची. भाला टाकतात, त्याला बक्षीस मिळतं, हे बऱ्याच जणांना पटायचंच नाही. अब्बांचं सीटकव्हर शिवायचं दुकान होतं. टेम्पो, ट्रॅक्टर, मोटारसायकली, दिवसभर तेच काम. मी भाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "लांबी किती?" मी म्हटलं, सव्वादोन मीटर. आठवड्याभरात त्यांनी काळ्या रेक्झिनची लांबलचक पिशवी शिवून दिली. ती घेऊन एसटीत चढलं की कंडक्टर ओरडायचा, "पोरी, ह्यो पडद्याचा पाइप हाय का काय? कुणाच्या डोळ्यात घालशील की!"

पहिलं वर्षभर माझा भाला आडवाच पडायचा. टोक आधी टेकलं नाही तर फेक बाद. मॅडम म्हणायच्या, "हातानं टाकू नगंस, पायानं टाक." ते डोक्यात शिरायला वर्ष लागलं आणि अंगात मुरायला आणखी एक. मग जिल्ह्यात पहिली आले, राज्यात पहिली आले, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. ती चौथी फेक होती. भाला हातातून सुटला तेव्हा काहीच जाणवलं नाही, इतकी ती सहज गेली. परतले तेव्हा दुकानासमोर अब्बांनी पेढे वाटले. कुस्तीतल्या जुन्या पैलवानांनीही येऊन माझा दंड दाबून बघितला.

त्याच स्पर्धेत सहाव्या फेकीला कोपराच्या आतल्या बाजूला चटका बसला होता. मी कुणाला सांगितलं नाही. पुढचं दीड वर्ष सरावाआधी गोळी घ्यायची, रात्री बर्फ लावायचा, एवढ्यावर चाललं. पदकं येत राहिली. मग परदेशातल्या स्पर्धेसाठी शिबिर लागलं आणि यादीत माझं नाव आलं.

शिबिराला चार दिवस होते. सकाळी मी चहा पीत होते. अब्बा समोर बसून बघत होते.

"डाव्या हातानं का पितीस?"

"असंच."

"तीस वर्षं हातानं काम करतोय मी. असंच कुणी डाव्या हातानं पीत न्हाय."

मी कप ठेवून मैदानावर गेले. संध्याकाळी मॅडमनी बोलावून सांगितलं, "तुझं नाव मागं घेतलं. उद्या कोल्हापूरला डॉक्टरांकडं जायाचं." मला वाटलं, त्यांनीच ओळखलं असणार. घरी आले तर अब्बा मशिनवर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मी सांगितलं मॅडमना. व्हय, मीच."

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. लिगामेंट फाटलं होतं, ऑपरेशन झालं, हात सहा आठवडे पट्ट्यात. अम्मी माझी वेणी घालायची. अब्बा दवाखान्यात रोज यायचे, खुर्चीवर बसायचे, जाताना "येतो" म्हणायचे. मी भिंतीकडं बघायची. डॉक्टरांना मी विचारलं होतं, आणखी एक स्पर्धा खेळले असते तर? ते म्हणाले, "निभावलंही असतं. सांगता येत नाही." अब्बांवर राग धरायला हे उत्तर मला फार दिवस पुरलं.

पट्टा सुटल्यावर मॅडमनी मला भाल्याशिवाय पळायला लावलं. नुसती धाव, नुसती पावलं, सहा महिने. अब्बा सकाळी दुकान उघडायच्या आधी स्कूटर घेऊन येऊ लागले. आधी कधी ते मैदानावर आले नव्हते. एक दिवस मी त्यांच्याजवळून जाताना ते म्हणाले, "डावा पाय उशिरा पडतोय तुझा." मी थांबले. मॅडम लांबून ओरडल्या, "बरोबर बोलत्यात ते!" मला हसू आलं आणि बोलणं तिथून सुरू झालं.

जुनं अंतर मला परत कधीच गाठता आलं नाही. पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत उतरले तेव्हा तिसरी आले. पुढच्या वर्षी पाचवी. तिसऱ्या फेकीनंतर धावपट्टीवर उभी असताना कळलं की आता पुरे. रडू वगैरे आलं नाही. उरलेल्या फेकी टाकल्या, पंचांना नमस्कार केला आणि बूट काढले.

आता मी एका कॉलेजात खेळ शिकवते. मुली हात दुखतोय म्हणाल्या की मी त्यांना चहाचा कप उचलायला लावते.

मागच्या ईदला शिरखुर्मा खाताना अब्बांनी एकदम विचारलं, "शिबिराचा राग गेला का गं?"

मी खरं तेच सांगितलं. "थोडा ऱ्हायलाय."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि अम्मीकडं वाटी पुढं केली.