ऐकून पाठ केलेला भूगोल

अकरावीत असताना मी आमच्या गल्लीतल्या एका मुलीची लेखनिक झाले. ती बारावीला होती, आणि तिला जन्मापासून दिसत नव्हतं. परीक्षेत ती सांगणार आणि मी लिहायचं. शिवाय आमच्या तेर गावाहून धाराशिवला आम्ही एकाच एसटीनं कॉलेजला जायचो, म्हणून वाटेत तिला पुस्तक वाचून दाखवायचं कामही माझ्याकडंच आलं.

पहिल्या दिवशी एक धडा वाचून संपवला आणि सवयीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. माझा अभ्यास असाच असायचा. वाचत राहायचं आणि ओळींवर पिवळा रंग फासत जायचं. तिनं माझा हात दाबला.

"परत नको वाचू. आता मी सांगते, तू चुका धर."

ती सांगत गेली. एका ठिकाणी अडली, तसं मी लगेच तोंड उघडलं.

"सांगू नगंस गं! आठवू दे की जरा."

गाडी गचके खात होती, मागं कुणाचं तरी भांडण चाललं होतं, आणि ही मान खाली घालून आठवत होती. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, तेही बरोबर. जे आलंच नाही, तेवढंच तिनं पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक काढलं तर म्हणाली, "आधी कालचं विचार." पुढं कधी भूगोल चालू असताना मधेच इतिहासातला प्रश्न मागायची, कधी विसरायला आलेल्या जुन्या धड्यातला. मी थक्क होऊन ऐकायची. पुस्तक माझ्या हातात, आणि धडा तिच्याकडं!

भूगोलाच्या पेपरला आम्हाला वेगळी खोली होती. लोकसंख्यावाढीच्या टप्प्यांचा प्रश्न आला. तीन टप्पे तिनं धडाधड सांगितले, चौथ्याला थांबली. मला तो वाचून वाचून येत होता. पेन हातात, पर्यवेक्षक बाई समोर, आणि मला सांगायची मनाई.

"जागा सोड," ती शांतपणे म्हणाली. "पुढचं घे."

बाकीचा पेपर झाल्यावर ती त्या जागेकडं वळली. ओठ हलत होते. मग एकदम हसली. "हे गाडीत दोनदा चुकले होते मी. लिही. जन्मदर कमी, मृत्युदरबी कमी." मी लिहीत होते आणि अंगावर काटा येत होता. जिथं ती चुकली होती, तेच तिच्या मनात सगळ्यात खोल रुतलं होतं.

भूगोलात कॉलेजातून पहिली तीच आली. मी धावत तिच्या घरी गेले, तर ती ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. मार्क ऐकून तिनं तोंड वाकडं केलं.

"उरलेले मार्क कटले कुठं म्हणावं? इचारून ये की कुणाला तरी."