तिच्या जबाबातली अवतरणचिन्हं

आखाडा बाळापूरला माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ऑनलाइन फॉर्म, सगळं करते. तीन वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातल्या एक अंगणवाडी सेविका माझ्याकडे आल्या. पन्नाशीच्या असतील. लेकरांचा खाऊ घरी नेता म्हणून त्यांना नोटीस आली होती. तक्रार करणाऱ्याला त्यांच्या जागेवर आपली सून बसवायची होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी जबाब स्वतः लिहून आणला होता. अक्षर ठसठशीत, एकेक चिन्ह जागेवर. तक्रार करणाऱ्याबद्दलचा मधला भाग असा होता: तो माझ्या घरी आला. म्हणाला, ‘लिही. मी खाऊ घरी नेला. मी चुकले. पुन्हा होणार नाही.’ मी सही केली नाही.

मी माझ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं. ऑनलाइन फॉर्मला लागतं त्या युनिकोडमध्ये ते बदललं तेव्हा अवतरणचिन्हांच्या जागी चौकोन आले. सरकारी फॉर्मच्या चौकटीत नुसता साधा मजकूर चालायचा. चौकोन दिसले की ‘अमान्य चिन्ह’ म्हणून मजकूर परत यायचा. बाहेर पीकविम्याची रांग लागलेली, माणसं आत डोकावून राहिलेली. मी सगळे चौकोन एका दमात काढून टाकले. या वेळी फॉर्मनं मजकूर घेतला.

“पोरी, एकदा वाचून दाखव ना,” त्या म्हणाल्या.

“तुमचंच लिहिलेलं हाय बाई, त्यात काय वाचायचं?” मी म्हणाले आणि पोच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी घालून पिशवीत ठेवली.

पंधरा दिवसांनी त्या दुकानात आल्या आणि उभ्याच राहिल्या. हिंगोलीला सुनावणी झाली होती. तिथं साहेबांनी त्यांचाच जबाब चारचौघांत मोठ्यानं वाचला होता. म्हणाला, लिही. मी खाऊ घरी नेला. मी चुकले. पुन्हा होणार नाही.

“साहेब म्हणले, बाई, तुमीच कबूल केलंय. मी न्हाई न्हाई म्हणून राहिले, पण कागद माझाच. तू काहून असं केलं? माझं काय चुकलं होतं?”

मी कॉम्प्युटरवर फाईल उघडली. एक अक्षरसुद्धा बदललेलं नव्हतं. फक्त कोण बोलतंय ते पुसलं गेलं होतं.

त्यांना कामावरून थांबवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांच्यासोबत हिंगोलीला गेले. त्यांच्या हातचा मूळ कागद घेतला होता. कारकून म्हणाला, “ऑनलाइन आलं तेच आमच्यासाठी खरं.” दुपारपर्यंत बाकावर बसवलं. शेवटी साहेब जेवायला निघाले तेव्हा मी आडवी गेले. “साहेब, चूक माझी हाय. बाईंची न्हाई. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.”

त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. “एवढ्याशा टिंबांनी?” म्हणाले. मूळ कागद जोडून नव्यानं अर्ज द्यायला सांगितलं, आणि माझा लेखी खुलासाही मागितला. तो मी तिथंच हातानं लिहून दिला. बाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी मला एका शब्दानं थांबवलं नाही, की धीरही दिला नाही.

दोन महिन्यांनी त्यांना परत कामावर घेतलं. खाऊच्या नोंदी बराबर निघाल्या. पण तोवर त्या जबाबाचा फोटो गावातल्या मोबाईलवर फिरला होता. कुणी काढला, कळलं नाही. त्यांच्या गावची एक बाई दुकानात आली तेव्हा मी सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “व्हय, पण लिहिलंय की तिनं.”

त्यानंतर बाई कागदाचं काम असलं की वारंगा फाट्यावरच्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागल्या. तितक्या लांब, बस बदलून. मला त्याचा राग येत नाही. लाज येते.

मागच्या महिन्यात वसमतच्या बसमध्ये त्या दिसल्या. सरकून त्यांनी मला जागा दिली. लेकीला मुलगी झाली, बारशाला चाललेय, असं सांगितलं. मी त्या दिवसाचा विषय काढणार होते, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे पोरी. लेकरांचे मायबाप आता परत पाठवतेत लेकरं अंगणवाडीत. समदे न्हाई, पण पाठवतेत.”

मग त्या खिडकीबाहेर हळदीच्या शेतांकडे बघत बसल्या. मी हातातलं तिकीट घडी घालून मुठीत धरलं.