उजवा खेळ, डावा पट

आश्लेषाचा जन्म इंग्लंडमधल्या डर्बीचा. तिचे वडील गिरीश नाशिकहून तिथल्या एका इंजिनांच्या कारखान्यात नोकरीला गेले आणि तिथलेच झाले. घरामागे नगरपालिकेचं नऊ होलचं लहानसं गोल्फचं मैदान होतं. रविवारी सकाळी तिथे म्हातारी माणसं कुत्री घेऊन फिरायची आणि मधूनमधून खेळायचीही. गिरीशच्या एका सहकाऱ्यानं मुलाचे जुने क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, देऊन टाकले, म्हणून सात वर्षांची आश्लेषा गोल्फ खेळायला लागली. क्लब उजव्या हाताचे होते आणि मुलगी डावखुरी. पण समोर जे होतं त्यानं ती खेळायला शिकली आणि इतकं सरळ मारायला लागली की हातांचा विचार कुणीच केला नाही.

सोळाव्या वर्षी ती आपल्या काउंटीकडून खेळली. अठराव्या वर्षी मिशिगनमधल्या एका कॉलेजनं तिला खेळासाठी शिष्यवृत्ती दिली. तिथल्या ॲन आर्बर शहरातल्या आमच्या महाराष्ट्र मंडळात ती पहिल्यांदा आली तेव्हा तिचं मराठी ऐकून आम्हाला गंमत वाटली होती. शब्द नाशिकचे आणि सूर पक्का इंग्लिश. पदवी झाल्यावर ती व्यावसायिक झाली, म्हणजे मुख्य टूरवर, मोठ्या स्पर्धांच्या वर्षभराच्या मालिकेत नाही, तिच्या खालच्या टूरवर. आज इंडियाना, पुढच्या आठवड्यात विस्कॉन्सिन. भाड्याची गाडी, कुणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली, सकाळी थंड सँडविच. पहिल्याच वर्षी इलिनॉयमधल्या एका स्पर्धेत ती तिसरी आली. पुढच्या वर्षी ही मुख्य टूरवर असणार, असं सगळे म्हणायला लागले.

पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनमध्ये ते झालं. दुसऱ्या दिवशीचा शेवटचा होल होता. बॉल होलपासून हातभर लांब होता. एवढा पट, म्हणजे बॉल होलात घालायचा तो हलका फटका, लहान मूलही मारतं. तिनं पटर, म्हणजे पट मारायचा क्लब, मागे नेला आणि पुढे आणताना उजवा हात आपोआप झटकला. बॉल होल ओलांडून तेवढाच पलीकडे गेला. परतीचा पटही हुकला. दोन दिवसांनंतर अर्ध्या खेळाडूंना घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात. तो कट पार करणं तिचं एका फटक्यानं हुकलं.

असं कुणाचंही होतं. पण तिचं पुढच्या आठवड्यातही झालं आणि त्याच्या पुढच्याही. अडीचशे यार्डांवरून बॉल हवा तिथे टाकणारी ही मुलगी हातभर अंतरावर आली की घामाघूम व्हायची. प्रशिक्षकानं मूठ बदलून पाहिली, लांब पटर दिला, डोळे मिटून मारायला लावलं. काहीच चाललं नाही. वर्षअखेरीस त्या खालच्या टूरवरची तिची जागाही गेली.

ती ॲन आर्बरला परत आली आणि पद्मजाकाकूंकडे राहायला लागली. काकू इथल्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या भूलतज्ज्ञ. एकट्याच असतात, वरची खोली एखाद्या विद्यार्थिनीला देतात. गोल्फ त्यांनी कधी टीव्हीवरही पाहिला नव्हता. आश्लेषा दिवसा शहराबाहेरच्या इनडोअर रेंजवर, म्हणजे छपराखालच्या सरावाच्या जागी, मुलांना शिकवायची आणि संध्याकाळी खोलीचं दार लावून बसायची. काकूंनी तिला धीर वगैरे दिला नाही. जेवायला मात्र खाली यायलाच लावायच्या.

जानेवारीत बर्फानं रस्ते बंद झाले. रेंज बंद, बस बंद. दुसऱ्या दिवशी काकूंनी तळघरातून कॅरम वर आणला आणि पावडर टाकली.

"मला नाही येत काकू."

"मग हरशील. बस."

ती हरली नाही. तिसऱ्या डावात तिनं राणी घेतली आणि एक फार नाजूक सोंगटी, कडेला अगदी चिकटलेली, हळूच खिशात ढकलली. काकू सोंगटीकडे न बघता तिच्या हाताकडे बघत होत्या.

"तू डावखुरी आहेस?"

"हो. लिहिते डाव्यानंच. खाते पण."

"आणि गोल्फ?"

"उजव्यानं. लहानपणापासून."

"हा हात अजिबात थरथरला नाही."

आश्लेषा जरा चिडून म्हणाली, "काकू, बाकी सगळं उजवीकडून आणि पट डावीकडून, असं कोण मारतं? लोक हसतील."

"आत्ता काय करतात?"

काकू पटकन बोलून गेल्या. नंतर त्यांना वाईट वाटलं, असं त्यांनीच मला सांगितलं. आश्लेषा वर निघून गेली. पण रस्ते मोकळे झाल्यावर ती जुन्या खेळसामानाच्या दुकानात जाऊन डाव्या हाताचा पटर घेऊन आली. तळघरातल्या गालिच्यावर चहाचा कप आडवा ठेवून ती मारायला लागली. वर स्वयंपाक करताना काकूंना बॉल कपावर आपटल्याचा टक असा आवाज यायचा. आधी कधीतरी, मग बराच वेळा.

तिनं घरी फोन करून हे सांगितलं. गिरीश म्हणाले, "म्हणजे सगळाच खेळ आता डाव्यानं खेळायचा?"

"नाही बाबा. फक्त पट."

"मी तेव्हा डाव्या हाताचे क्लब शोधायला हवे होते."

"मग मी सरळ मारायला शिकले नसते. बाबा, प्लीज, आता ते नको."

वसंतात ती एका छोट्या स्पर्धेत उतरली. पहिल्याच ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, ती बॉलच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली तेव्हा बरोबरच्या दोघी थांबून बघायला लागल्या. एकीनं मोबाइल काढला. लांबच्या पटांचा तिला अंदाजच येत नव्हता, काही अर्ध्यात थांबले, काही ग्रीनबाहेर गेले. ती शेवटून चौथी आली. पण हातभर अंतरावरचा एकही हुकला नाही. त्या दिवशी गाडीत बसल्यावर ती रडली. काकू गाडी चालवत होत्या. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला आणि रेडिओ लावला.

शरद ऋतूत मुख्य टूरची पात्रता स्पर्धा होती. चौथ्या दिवशी शेवटच्या होलवर नेहमीसारखं खेळली असती तर जागा मिळत होती. पट मारायची वेळ येण्याआधीच पहिला फटका, आयुष्यभर सरळ गेलेला तो उजव्या हाताचा फटका, तळ्यात गेला. एका फटक्यानं मुख्य टूर हुकली. खालच्या टूरवरची जागा मात्र परत मिळाली.

"वाईट वाटलं?" काकूंनी विचारलं.

"खूप. पण हे वेगळं वाईट आहे. आज वारा होता, मी क्लब चुकीचा घेतला. ते मला समजतं."

पुढच्या उन्हाळ्यात इंडियानातल्या एका गावात तिनं स्पर्धा जिंकली. शेवटचा पट दोन हात लांबून होता. तो मारण्याआधी ती दोनदा मागे सरली, असं काकू सांगतात. वर्षअखेरीस तिला मुख्य टूरवर जागा मिळाली. त्यात मोठं नाव वगैरे काही झालेलं नाही. अर्ध्याहून जास्त आठवडे ती कट पार करते, बाकीच्या आठवड्यांत शुक्रवारीच सामान भरून निघते. टीव्हीवर तिला दाखवतात ते डावीकडून पट मारते म्हणून. पूर्वी तिला याचा राग यायचा.

यंदा गिरीश पहिल्यांदा अमेरिकेत तिचा खेळ बघायला आले. ओहायोतली स्पर्धा, कडक ऊन. त्यांनी डोक्यावर ओला रुमाल घेऊन सगळे अठरा होल चालून काढले. प्रत्येक लहान पटाच्या वेळी ते पाठ फिरवून झाडांकडे बघत होते. काकूंनी शेवटी त्यांचा दंड धरून त्यांना वळवलं. त्या दिवशी ती कुठे तरी मधे होती, ना वर ना खाली.

संध्याकाळी तिघं हॉटेलजवळच्या एका मेक्सिकन ठिकाणी जेवली. गिरीशना चौथ्या होलवरच्या फटक्याबद्दल काहीतरी विचारायचं होतं. तोवर तिचं खाऊन झालं होतं आणि ती घड्याळ बघत होती.

"उद्या किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

"सव्वाआठ. वारा पडलेला असेल."

"मग ऊठ, झोप जा," ते म्हणाले आणि त्यांनी बिलासाठी वेटरला हात केला.