हेडफोनमधला भोंगा

गेममधल्या शिव्या मनाला लावून घ्यायच्या नाहीत, असं मी मैत्रिणींना ठणकावून सांगायचे. देणारा कुठंतरी दिल्लीला नाहीतर पाटण्याला बसलेला असतो, तो आपलं काय वाकडं करणार?

त्या दुपारी पारगावच्या घरी फोनवर खेळायला बसले. दारावरची हाक कळावी म्हणून मी हेडफोन एकाच कानाला लावते. गेमनं चार अनोळखी खेळाडूंची टीम जुळवली. मी माइकवर फक्त शत्रू कुठं लपलाय ते सांगितलं, तर टीममधला एक जण सुटलाच. बाईचा आवाज ऐकला की यांच्या अंगात येतं. हिंदीत आधी मला भाकऱ्या थापायला पाठवलं, मग आई काढली, मग घरी येऊन काय काय करीन ते सांगायला लागला. मीही कमी नाही. "ये ना, पत्ता देते," हिंदीतच सुनावलं.

तेवढ्यात साखर कारखान्याचा चारचा भोंगा वाजला. एका कानात खिडकीतून, दुसऱ्या कानात त्याच्या माइकमधून.

तो बोलायचा थांबला. माझ्या माइकमधून त्यालाही ऐकू गेला असणार.  भोंगा संपल्यावर अगदी हळू, मराठीत आवाज आला, "ताई, तुमी पारगावच्या का?"

मी फोन बंद केला आणि उठून दाराला कडी घातली.

आता गिरणीत, दुकानात, एसटीत कुणी "ताई" म्हटलं की मी कान देऊन आवाज ऐकते. सगळेच किती आदरानं बोलतात.